बाभळीच्या चार चकत्या

श्रीगजाननास नमन, वाग्देवतेस वंदन, आणि ज्यांचे नाव कोणत्याही दरबारच्या फलकावर लिहिले गेले नाही त्यांस दंडवत. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य द्वादशीपासोन जे वर्तमान घडले ते, कोणाची भीड न धरिता आणि कोणाचा उपमर्द न करिता, यथास्थित लिहितो. वाचणारांनी उतावीळ न होता चित्त द्यावे.

कोणे एके जिल्ह्याचे गावी सेवेचे राज्य होते. या राज्यास किल्ला नव्हता, फौज नव्हती, वसूल नव्हता. स्टेशनरस्त्यावरील एका हॉटेलाचा वरचा दिवाणखाना हीच राजधानी, आणि दर गुरुवारी सायंकाळी तेथे दरबार भरे. राजे मेजावरील पितळी घंटा वाजवीत, मग सारे सरदार उभे राहोन प्रार्थना म्हणत, मग बटाटेवडे व चहा येई, आणि मग लोककल्याणाचा विचार होई. सरदारांत वैद्य होते, वकील होते, लोखंडाचे व कापडाचे व्यापारी होते, आणि त्यांची सेवा लटकी नव्हती. या राज्याचे शिबिरात मोतीबिंदू काढिलेल्या कित्येक म्हाताऱ्या पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या. पूर आला ते साली सरदारांनी स्वतः गुडघाभर चिखलात उभे राहोन घोंगड्या वाटिल्या. हे आधी लिहिले पाहिजे, नाहीतर पुढील हकीकत वाचोन कोणी या लोकांस हसेल, आणि ते न्यायाचे होणार नाही. परंतु या राज्याची एक रीत ऐसी होती की राजाने एकच वर्ष राज्य करावे. जुलैच्या आरंभी गळ्यातील मानाची साखळी उतरवोन नव्या राजाचे गळा घालावी, आणि नव्या राजाने आपले नवे बोधवाक्य, नवा फलक व नवे काम सांगावे. मागील राजाचे काम पुढे चालविणे म्हणजे उष्ट्या ताटावर बसणे, ऐसा समज पडला होता. तो कोणी पाडिला हे कोणास ठाऊक नव्हते, आणि कोणी विचारिलेही नाही. चिटणीस मात्र कायम असत. ते वामनराव दाबके, शाळाखात्यातून निवृत्त जाहलेले, अक्षर मोत्यासारखे, स्वभाव भिडस्त.

तर त्या साली नरहरपंत टिल्लू, दंतवैद्य, यांस राज्याभिषेक जाहला, आणि त्यांणी समुद्रापलीकडील एका स्नेही राज्याशी सख्य केले. त्या मुलखी सहा मास बर्फ असते आणि तेथील लोकही दर आठवड्यास ऐसाच दरबार भरवितात. त्यांणी साहित्य पाठविले, आणि ज्यांचे पाय गेले त्यांस कृत्रिम पाय बसवावे ऐसे ठरले. मग मार्गशीर्षात एका मंगल कार्यालयात शिबिर मांडिले, कारागीर आले, मापे घेतली, भट्टी पेटली, आणि तीन दिवसांत एकेचाळीस माणसे उभी राहिली. त्यांत जांभळी गावचे महादू सुतार यांची कन्या सुगंधा, वय वर्षे नऊ, होती. उसाच्या ट्रॉलीखाली तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. ती नवा पाय घालोन, जेथे लग्नाची पंगत बसते त्या जागी, या भिंतीपासोन त्या भिंतीपर्यंत चालत गेली, आणि टिल्लूराजांचे डोळे भरोन आले. त्यांणी विचारिले, "बाळ, आता काय करशील?"

"निमगावच्या साळंला जाईन," ती म्हणाली. "आमच्या गावात चौथीपातूरच हाय. फुडं दोन मैल चालावं लागतंय."

मग तिची तसबीर काढिली, ती सातासमुद्रापार गेली, आणि दाबके चिटणिसांनी वहीत तिच्या नावापुढे मोत्यासारख्या अक्षरात 'पूर्ण' ऐसे लिहिले.

पुढील साली किसनदास लुणावत, लोखंडी सामानाचे व्यापारी, गादीवर आले. त्यांणी डोंगर हिरवा करावा ऐसा संकल्प केला आणि हजारो रोपे लाविली. त्यांचे कारकीर्दीत माघ मासी महादू सुतार एकटेच गुरुवारी दरबारी आले, दाराशी वहाणा काढोन उभे राहिले, आणि चिटणिसांनी त्यांस आत आणिले.

"शेट, पोरगी वाढली," महादू बोलले, "पाय न्हाई वाढला."

शेट विचारात पडले. "पाय मोडला का?"

"मोडला न्हाई. आखूड झालाय."

"मोडला असता तर दुरुस्तीत बसवला असता. हे वाढणं मी कशात बसवू, महादू? ते काम टिल्लूसाहेबांच्या वर्षातलं. यंदा आमची झाडं चालली आहेत. पुन्हा कधी पायांचं वर्ष आलं की दाबके तुम्हाला कळवतील."

"झाडं लावता ते ब्येस करता. पर लावल्यावर वर्सानं त्येंची उंची मोजाया जाता न्हवं?"

"जातो की. फोटोसकट मोजतो."

"मग माज्या पोरीचीबी मोजा."

तेव्हा काही सरदार हसले, ते कुत्सितपणे नव्हे, उत्तर चपखल होते म्हणोन हसले, आणि शेटही हसले, आणि हसण्यात प्रश्न विरोन गेला. महादूस चहा दिला, आणि त्या वर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे जो येई त्यास रोप देत, तैसे एक कडुलिंबाचे रोप त्यांचे हाती दिले. ते रोप घेवोन एस.टी.ने घरी गेले. चिटणीस जिन्यापर्यंत पोचवावयास आले होते. त्यांचे मनात काही बोलावे ऐसे होते, परंतु वहीत 'पूर्ण' लिहिले होते आणि लिहिलेले खोडण्याची त्यांस सवय नव्हती.

मग महादूंनी आपली विद्या चालविली. बाभळीचे जुने खोड होते, त्याची अर्ध्या बोटाची चकती कापिली, पावलाच्या आकाराची तासली, आणि कृत्रिम पायाचे तळाशी चिकटवोन वर चार बारीक खिळे मारिले. सुगंधा नीट उभी राहू लागली. तीन मासांनी दुसरी चकती लागली, मग तिसरी, मग चौथी. सांधा ऐसा की नख शिरू नये. परंतु गुडघ्याखाली जेथे पाय वाटीत बसतो ती वाटी तेवढीच राहिली आणि मांस वाढले. कातडी सोलू लागली. महादूंनी घरात कबूल केले, "खालून वाढवाया मी हाय. वरची वाटी माज्या हत्याराला ऐकत न्हाई." पोर आठवड्यातोन सहा दिवस शाळेस जात असे, ती चार दिवस जावो लागली, मग दोन. पंचविसाव्या गैरहजेरीस गुरुजी घरी आले आणि म्हणाले की सातवीत नाव ठेवणे आता माझे हाती राहणार नाही.

इतक्यात तिसऱ्या कारकीर्दीत, शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, माघ मासी, समुद्रापलीकडोन पत्र आले. गादीवर शालिनीबाई थत्ते, निवृत्त मुख्याध्यापिका, होत्या, आणि त्यांचे काम शाळांस पाण्याची शुद्धियंत्रे देण्याचे होते. पत्रात लिहिले होते की आमच्या दरबारातील इंग्रिडबाई येत आहेत. ज्या मुलीची तसबीर आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे, तिची भेट व्हावी एवढीच त्यांची इच्छा. हे वाचोन दरबारात कुजबुज जाहली. चिटणीस जांभळीस जावोन आले, जे पाहिले ते सांगितले, आणि मग खाली पाहोन एक तोडही सांगितली.

"मुलीला खुर्चीवर बसवावं. घेरदार परकर नेसवावा. पाहुण्या फुलं देतील, मुलगी नमस्कार करील, पाच मिनिटांचं काम."

"दाबके, मी शाळा तपासणीच्या वेळी हेच करत असे," शालिनीबाई म्हणाल्या. "गळकी खोली कुलूप लावून ठेवायची." इतके म्हणाल्या, परंतु नको ऐसे बोलल्या नाहीत. कारागिरांस बोलावोन नवा पाय करावयास पंधरा दिवस तरी लागते आणि पाहुण्या चौथे दिवशी येणार होत्या.

तो गुरुवार आला. घंटा जाहली, दोन्ही राज्यांची गीते जाहली, निशाणांची अदलाबदल जाहली. सुगंधा व्यासपीठावर खुर्चीत बसली होती, परकर घोट्याखाली होता, आणि महादू मागे भिंतीशी उभे होते. इंग्रिडबाई वयाने सत्तरीच्या, पांढरे आखूड केस, त्या फुले घेवोन आल्या आणि मुलीसमोर मांडी घालोन जमिनीवरच बसल्या. सरदार गडबडले, खुर्ची पुढे करू लागले, त्यांणी ती घेतली नाही. चिटणीस दुभाषी होते.

"दुखतं का, विचारा," बाई म्हणाल्या.

सुगंधाने चिटणिसांकडे पाहिले, कारण काय सांगावे ते त्यांणीच शिकविले होते. मग ती म्हणाली, "बसल्यावर न्हाई दुखत."

चिटणिसांनी ते जैसेचे तैसे सांगितले. बाई किंचित हसल्या आणि म्हणाल्या, मग चालोन दाखव. सुगंधा उठली आणि दिवाणखान्याच्या फरशीवर चालली. तेव्हा बाभळीचा आवाज, टक, मग चांगल्या पायाचा काहीच आवाज नाही, मग पुन्हा टक, ऐसा सर्वांनी ऐकला. परतोन आली तेव्हा तिचे ओठ आवळलेले होते. बाईंनी परकर बोटभर उचलिला, चार चकत्या पाहिल्या, अंगठा फिरविला, आणि विचारिले, "हे काम कोणाचं?"

"माजं," महादू भिंतीपासोन म्हणाले.

"सुंदर सांधे आहेत," बाई म्हणाल्या. मग दरबाराकडे वळोन विचारिले, "या मुलीचं माप शेवटचं कधी घेतलं?"

चिटणिसांनी प्रश्न मराठीत सांगितला. टिल्लूंनी लुणावतांकडे पाहिले, लुणावतांनी शालिनीबाईंकडे, आणि ज्यांचे त्यांचे वर्ष ज्यांचे त्यांचे गळा आले. तेव्हा भिडस्त दाबके, ज्यांणी बत्तीस वर्षे वरिष्ठांचे वाक्य कधी पुढे होवोन तोडिले नव्हते, त्यांणी उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगितले, "आम्ही घेतलं नाही. बापानं घेतलं, चार वेळा. मी वहीत पूर्ण लिहिलं होतं. आणि आज तिला खुर्चीवर बसवायचं, हेही मीच सुचवलं."

"मी नको म्हटलं नाही," शालिनीबाई बोलल्या.

इंग्रिडबाईंनी फुले मुलीचे हाती दिली. मग म्हणाल्या, "माझं मुलांच्या जोड्यांचं दुकान होतं, चाळीस वर्षं. प्रत्येक आईला मी सांगत असे, जोडा आज न्या, पण पाय मला सहा महिन्यांनी दाखवा. आम्ही तुम्हाला पाय पाठवला आणि हे वाक्य पाठवायला विसरलो. फोटो भिंतीवर लावला. फोटोतली मुलगी वाढत नाही."

किसनदास शेट उठोन उभे राहिले. "महादू, मी तुम्हाला झाड दिलं होतं."

"जगलंय शेट," महादू म्हणाले. "माज्या खांद्याला लागलंय." या वेळी कोणी हसले नाही.

त्या रात्रीचे जेवण साधेच जाहले. दुसरे दिवशी कारागिरांस सांगावा गेला, वीस दिवसांत नवी वाटी व नवा पाय जाहला, आणि चैत्रात गुरुजींनी सुगंधाचे नाव आठवीच्या पटावर लिहिले. एकेचाळिसांत सुगंधेखेरीज आणखी सहा मुले होती, ती गावोगाव जावोन शोधिली. पाच मिळाली, एक घर कोठे गेले ते कळले नाही, आणि ती ओळ चिटणिसांनी वहीत कोरी ठेविली आहे. मग राज्यात नवा कायदा जाहला की साखळी गळा पडण्याआधी होणाऱ्या राजाने स्वतः फीत घेवोन या मुलांचे माप घ्यावे, वहीत आपले हाताने लिहावे, आणि मग अभिषेक. त्या जुलैत नवे राजे कोट घालोन फरशीवर गुडघे टेकोन बसले, फीत उलटी धरिली, तेव्हा सुगंधाने ती सुलटी करोन दिली.

शालिनीबाईंस मात्र एक हौस राहिली होती. गादीवरोन उतरण्याआधी त्या जांभळीस गेल्या आणि महादूंस म्हणाल्या, "त्या चार चकत्या आम्हाला द्या. दिवाणखान्यात काचेत ठेवू. येणाऱ्या प्रत्येक राजाला दिसतील."

महादूंनी आढ्याकडे पाहिले. तेथे खुंटीस सुतळीने ओवलेल्या चारी चकत्या टांगल्या होत्या.

"बाई, राग मानू नगा. त्या देत न्हाई," ते म्हणाले. "तुमी चांगली मानसं हाय. पर एखाद्या वर्सी इसरलात, तर मला लागतील."

शालिनीबाईंनी पुन्हा मागितल्या नाहीत. चहा घेतला, अंगणातील कडुलिंब पाहिला आणि निघाल्या.

येणेप्रमाणे हकीकत. तदनंतर चार राजे जाहले, चौघांनीही माप घेतले. सुगंधा तालुक्यास शिकते आहे. चकत्या अद्याप खुंटीस आहेत, त्यांवर धूळ बसली आहे, आणि ती धूळ हीच या राज्याची कीर्ती. राजे येतील, जातील. धूळ झडू न द्यावी. लिहिणाराचे इतकेच मागणे.