दाजीकाकांचं गाऱ्हाणं

आमचे शेजारी दाजीकाका मिक्सर लावण्याआधीही देवाला गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, लाईट जावची नाय आणि वाटप बारीक जावचा, असा कर रे म्हाराजा." मग जवळ जो असेल त्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याशिवाय काका बटण दाबत नाहीत. एकदा पोस्टमन बिचारा खोबरं वाटून होईपर्यंत अडकला होता.

देवळातलं गाऱ्हाणंही तेच घालतात, त्यामुळे आवाज खणखणीत. खोकला लागला तेव्हा म्हणाले, "आंब्याच्या कलमांच्या फवारणीचो खोकलो तो." हळद झाली, अडुळसा झाला, विडी काही सुटली नाही. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मीच त्यांना ओढत मालवणात नेलं. एक्स-रेत डाग निघाला. मग गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन. काका मशीनला गाऱ्हाणं घालायला लागले, तेवढ्यात आतून आवाज आला, "श्वास रोखा." बाहेर येऊन म्हणाले, "माका गप करणारो शेवटी एक भेटलो." हसले मात्र नाहीत.

पुढे बायोप्सी. "सुई लागली काय तो रोग अंगभर पसारता, माका म्हायती आसा." डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "त्या भीतीनं थांबू नका, काका. तुकडा तपासल्याशिवाय तो कुठल्या जातीचा ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत." काकांनी सुईला गाऱ्हाणं घातलं, नर्सनं "व्हय" म्हटलं, काम झालं.

निघाला फुप्फुसाचा कॅन्सर. पण गाठ एकाच बाजूला, पसरलेली नाही. तेवढा भाग कापून काढायचा, लागली तर नंतर केमो, आणि विडी कायमची बंद. सोमवारी भरती व्हायचं ठरलं. रविवारी दुपारी काका म्हणाले, "मी जावचंय नाय."

माझं डोकंच फिरलं. "फुकटची नाटका नको, काका. रोग येळार गावला म्हणान बरे होवची आशा तरी आसा."

"बरो होवन घराक येवचा, तर घरात कोण आसा?"

मी तणतणत परत आले. दिवेलागणीला काका रोजच्यासारखे तुळशीपुढे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, माझी बायल पुढे गेली हा, तिका थंय संभाळ रे म्हाराजा." आणि थांबले. इतके दिवस मला वाटायचं, इथे त्यांना दम लागतो. त्या दिवशी कुंपणावरून नीट पाहिलं. काका स्वयंपाकघराच्या दाराकडे कान देऊन उभे होते. काकी होती तेव्हा तिथूनच "व्हय म्हाराजा" म्हणायची.

मी कुंपण ओलांडून गेले. "स्वतःसाठी कित्या मागणास नाय?"

"एकट्याचा गाराणा पोचना नाय गो. मिक्सराक पोस्टमन चलता. माणसाक घरचा माणूस होया."

"मग मी कोण?"

काका पुन्हा तुळशीकडे वळले. मग हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हो दाजी उद्या गोव्याक जाता. तेचो आवाज ऱ्हवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"बारीक झाला. काकीचो आवाज रस्त्यार आयकाक येय. परत म्हण."

मी पुन्हा म्हटलं, पार रस्त्यावर जाईल असं. काका त्या दाराकडे पाहत राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "सकाळची गाडी किती वाजता गो?"