दत्तूभाऊ ओलांडतात

आमच्या शेजारच्या दत्तूभाऊ गव्हाण्यांना दिसेल त्या गोष्टीचे मार्क कापायची सवय. देत नाहीत, कापतात. माझी बायको भाजीच्या पिशव्या सांभाळत रिक्षातून उतरली, की गेटवरून आवाज येतो, "वहिनी, लँडिंगला पाऊल हललं. एक दशांश गेला." पुरणपोळी फुटली, तीन दशांश. मी एकदा त्यांच्याच पायरीवरून घसरलो, तर हात द्यायच्या आधी म्हणाले, "पडल्याचा अख्खा एक पॉइंट जातो, सर." मी पस्तीस वर्षं शाळेत मराठीचे पेपर तपासले, पण इतका कंजूष परीक्षक पाहिला नाही.

गडी मूळचा गंगापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. आता शेंद्र्याला एका कारखान्यात सुटे भाग तपासतो. केसाएवढा फरक पडला तरी माल परत. हे दशांशाचं वेड मात्र घरात आलं ते मुक्तामुळं. मुक्ता त्यांची एकुलती एक लेक. सातव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सला घातली, आणि पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांत बीम आणि बार सोडून दुसरा विषय राहिला नाही. कोच म्हणाले, पोरगी राज्याच्या संघात जाईल. त्या दिवसापासून दत्तूभाऊंच्या जिवाला घोर लागला तो तिच्या उंचीचा.

बाकीचे बाप दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारतात आणि लेकरू वाढलं म्हणून खूश होतात. दत्तूभाऊ रेघ मारून मटकन खाली बसायचे.

"लई वाढली, सर. पाय खालच्या बारला घासाय लागले."

"अहो, वयच आहे वाढायचं."

"वय नाय, बार! उंची वाढावी म्हणून लोक पोरांना लोंबकळायला लावतात. हिचा तर सरावच लोंबकळायचा. वाढंल नाय तर काय व्हईल?"

माझी बारा वर्षांची विद्यार्थिनी असती तर दूध पी म्हणालो असतो. त्या घरात दूध बंद होतं.

आता तुम्हाला माहीत असेल, झोपलेल्या लेकराला ओलांडू नये म्हणतात; त्याची उंची खुंटते. चुकून ओलांडलंच, तर आल्या पावली उलटं ओलांडून परत जायचं, म्हणजे दोष फिटतो. यापायी आईनं लहानपणी माझ्या पाठीत रपाटे घातलेत. मुक्ता सकाळी सरावाहून आली की शाळेआधी तासभर सतरंजीवर आडवी व्हायची. दत्तूभाऊंची दुपारची पाळी, त्यामुळं तेही घरीच. एकदा त्यांचं वर्तमानपत्र परत द्यायला गेलो, तर हा गृहस्थ लुंगी गुडघ्यावर घेऊन, झोपलेल्या लेकीला ओलांडून खिडकीकडं गेला. परत मात्र तिच्या डोक्यामागून वळसा घालून आला. उलटं ओलांडलं असतं तर फिटलं असतं ना!

"दत्तूभाऊ!" मी ओरडलोच.

त्यांनी दचकून तोंडावर बोट ठेवलं. "निवडीपर्यंतच, सर. मोजून करतोय. नंतर तेवढं समदं उलटं करून टाकतो."

"लाज नाही वाटत?"

"वाटती ना. पण रेघ बघून ती रडती, ते बघवत नाय."

मी तरातरा घरी आलो. अशा माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटली.

मुक्ता वाढायची ती वाढलीच. निवडीच्या दिवशी मीही गेलो होतो. ती बीमवर चढली तेव्हाच दिसलं, पाय नेमका कुठं पडेल याचा अंदाजच तिला राहिला नव्हता. दोनदा खाली आली. माझ्या शेजारी बसलेल्या दत्तूभाऊंनी एक दशांशही कापला नाही. कोच म्हणाले, "अंग वाढलं की होतं असं. बघू पुढं." हे 'बघू पुढं' मी निकालाच्या दिवशी शेकडो पालकांना म्हटलेलं आहे. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

त्यानंतर मुक्ता बोलेनाशी झाली. सराव सुटला. शाळेआधीचा तो तास मात्र ती भिंतीकडं तोंड करून सतरंजीवर पडून काढायची. तिच्या आईनं धपाटे केले, ताट तसंच. दत्तूभाऊंनी मार्क कापणं सोडलं. माझी बायको तर एकदा मुद्दाम रिक्षातून धडपडत उतरली; गेटवर ते उभे होते, नुसते बघत राहिले. जन्मभर पोरांना उपदेश केला मी, पण बाराव्या वर्षी सगळं संपलं असं वाटणाऱ्या लेकराला काय सांगायचं, ते मला आजही येत नाही.

परवा सकाळी गेलो तर दत्तूभाऊ तिला ओलांडत होते. या वेळी खिडकीकडून दाराकडं.

"उलटं?" मी हळूच विचारलं.

"व्हय. उंची तर नाय खुंटली, सर. पण दुसरं कायतरी खुंटलं असंल तर? हसणं म्हणा, बोलणं म्हणा. माझ्या पायानं."

मी विचारलं, "किती राहिले?"

"एकसष्ट."

"बासष्ट," सतरंजीवरून आवाज आला. मुक्ताचं तोंड भिंतीकडंच होतं. "सर वरडले त्या दिवसाचं तुम्ही मोजलं नाय, बाबा."

म्हणजे पोरगी रोज जागी होती.

केसाएवढ्या फरकाला माल परत करणारा तो माणूस पांढराफटक पडला. मुक्तानं वळून पाहिलं नाही. फक्त पाय पोटाशी घेतले, बाबांना ओलांडायला सोपं जावं म्हणून.