आडोळीची नाव आणि आप्पाण्णांची काहील

श्री वेदगंगामाय प्रसन्न. शके अठराशें एकुणपन्नास, प्रभवनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध प्रतिपदा, गुरुवार, निपाणीच्या बाजाराचा दिवस, ते दिवशी मौजे आडोळी येथील नदीच्या उतारावर जो प्रसंग गुदरला त्याचा करीना येथे लिहिला आहे. पुढे लोक म्हणतील की आम्ही पहिल्यापासून नावेत बसतच होतो, आम्हांस भय कसले ते ठाऊक नव्हते. तर ते साफ खोटे आहे, आणि खोट्यास खोटे म्हणावयास कोणाचा हुकूम लागत नाही, सबब घडले तैसेच लिहिले. ज्यास झोंबेल त्याने खुशाल झोंबू द्यावे.

वेदगंगेचे उत्तरतीरी आडोळी, दक्षिणतीरी कुन्नोळी, आणि मधे नदी. उन्हाळ्यात तीत म्हशी बसतात आणि पाणी त्यांचे पाठीस पोचत नाही; मग मृग लागला म्हणजे तीच नदी घाटावरचे तांबडे पाणी घेऊन ऐशी येते की दोन्ही गांवांनी एकमेकांस हाका मारून राहावे. मोठ्या रस्त्याचा पूल गाठावा तर बैलगाडीने आठ कोसांचा वळसा, आणि रस्ता ऐसा की गाडीतून उतरल्यावर मनुष्य आपली हाडे चाचपून पाही.

याउपरी दळणवळणाचे साधन एकच, ती काहील. राजमान्य आप्पाण्णा पाटील, जैन, आडोळीतील थोर बागाइतदार, यांचे गुऱ्हाळात उसाचा रस आटवावयाची ती लोखंडी कढई, पाच हात रुंद. गुऱ्हाळ दिवाळीनंतरचे, तोवर काहील रिकामी, म्हणून वाडवडिलांपासून मृग लागला की तिची स्वारी नदीत उतरे. बारा माणसे गुडघ्यास गुडघा लावून आत बसत, दोन पोहणारे तीस ढकलत, आणि काहील वाटोळी असलेमुळे ती सारा वेळ गरगर फिरत जाई. निघताना बाराही जणांची तोंडे निपाणीकडे असत. उतरताना कोणाचे तोंड कोणीकडे, हे ज्याचे त्यास सांगता येत नसे. गतसाली ती भोवऱ्यात पालथी होऊन दोन माणसे गेली, एकाचे पागोटे तेवढे सांपडले. तेव्हां गांवाने चावडीत बसून मसलत केली आणि ठराव केला की काहील निर्दोष आहे, ते दोघेच चुकीचे बाजूस बसले होते. ऐशी ही गांवाची अक्कल.

त्या वर्तमानावरून सरकारचे ओव्हरसियर मारुतीराव यांनी वर लिहिले आणि वरून नाव मंजूर जाहली. कोकणातील सुतारांनी ती घडविली, मग तिचे भाग तीन गाड्यांवर लादून फोंड्याचा घाट चढविला आणि आडोळीचे काठी जोडिले. सागवानी, वीस हात लांब, सहा हात रुंद, दोन वल्ही, मागे सुकाणू. तिजवर नावाडी म्हणून भावकू याची नेमणूक जाहली. हा भावकू वीस वर्षे काहील ढकलणाऱ्यांत अव्वल होता, आणि गतसाली त्या पालथ्या काहिलीखालून दहा माणसे त्यानेच ओढून काढिली होती, परंतु हे चावडीत कोणी बोलले नाही.

नाव पाण्यात पडली आणि गांवात बंड माजले. बंडाचा सरदार मष्णू, चार बिघ्यांचा कुणबी आणि चाळीस बिघ्यांचे तोंड. त्याने वडाखाली सर्वांस शास्त्र समजाविले, ते ऐसें: "काहील फिरती म्हणून नदीला गावत न्हाय. फिरणाऱ्याला धरायचं कुठनं? ही नाव नाकासमोर जातीया. नदीला आदीच कळतंय, ही कुठं चाललीया ते. वाटंत गाठंल न्हवं?"

लोक म्हणाले, व्हय व्हय. एक म्हातारा म्हणाला, "आन् हिला पुढचं तोंड हाय, मागचं बूड हाय. काहिलीला तोंडच न्हाय, ती तोंडावर पडंल कशी?"

दुसरा मोर्चा आप्पाण्णांचा. ते भित्रे नव्हेत, धर्मनिष्ठ होते. पाणी गाळल्याविना पीत नसत, दिवस मावळल्यावर घास घेत नसत. त्यांनी नावेजवळ जाऊन वास घेतला आणि चार पावले मागे सरले. कोकणी सुतारांनी आपल्याकडील रीतीप्रमाणे सर्व लाकडास माशाचे तेल चोळिले होते.

भावकू हात जोडून बोलिला, "आप्पा, त्यो आपल्या नदीतला मासा न्हवं. समुद्रातला हाय."

आप्पाण्णा म्हणाले, "मग तर लांबचा पाव्हणा. त्याच्यावर पाय दिऊन निपाणीला जाऊ म्हणतोस?"

मग भावकू व त्याची बायको नागुबाई यांनी नावेवर चढाई केली. राखेने घासली, चिंचेने घासली, शिकेकाईने न्हाऊ घातली, वरून करंजाचे तेल दिले. तेणेकरून माशाचा वास गेला नाही, त्यास सोबत मात्र मिळाली. मग भावकू एकटा सात वेळां पार जाऊन आला. लोक म्हणाले, त्याला पवता येतंय. त्याने शेळ्या नेऊन आणिल्या. लोक म्हणाले, शेरडांस्नी काय कळतंय. त्याने वाळूची वीस पोती नेली. मष्णू म्हणाला, "वाळू बुडली तर रडणार कोण?"

आता भावकूचे पोटात कोणते दुःख होते ते लिहितो. त्यास तीन अपत्ये जाहली, त्यांतील दोन तान्हेपणीच गेली, राहिली एक अंबुबाई. ती कुन्नोळीस दिली होती आणि तीस आठवा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी, हा तर दोन्ही तीरांचा रिवाज. आणि नागुबाईचा लेकीच्या सासरकडील सुइणीवर काडीचा विश्वास नव्हता. परंतु सासू जयाबाई मोठी करारी. तिने दक्षिणतीरावर उभे राहून, कमरेवर हात ठेवून, नदीपलीकडे ऐकू जाईल ऐशा आवाजात फर्मान सोडिले:

"काहिलीत माझी सून बसणार न्हाय, प्वाट फिरंल. गाडीनं धाडणार न्हाय, वाटंतच व्हईल. आन् नावंचं म्हणाल तर तुमच्या गावचं एक तरी माणूस बसलंय का तिच्यात आजवर? तुमचंच गाव बसंना, तिच्यात मी माझी सून बसवू व्हय?"

भावकू उत्तरतीरी वल्हे धरून उभा होता. अंबुबाई सासूमागे उभी होती. तिने नुसता हात वर केला.

इतक्यात मारुतीरावांचा खलिता आला की, गुरुवारी आम्ही जातीने येऊ. आमचे समक्ष आडोळीची बारा माणसे राजीखुशीने नावेतून पार जाऊन परत येतील तर नाव बहाल. न येतील तर शुक्रवारी तिचे भाग सुटे करून दुसऱ्या तालुक्यात रवाना. नदीचे पाणी तर रोज वीतभर चढत होते.

गुरुवारी मारुतीराव सायकलवर छत्री बांधून आले आणि काठी स्टूल मांडून बसले. अलीकडे नाव, तीत भावकू एकटा. त्याच काठी जरा बाजूस काहील, तीत अकरा माणसे बाजारच्या पिशव्या घेऊन दाटीने बसलेली, आणि बारावे आप्पाण्णा चढण्याच्या बेतात. मारुतीरावांनी तीन वेळां पुकारा केला. कोणी हलले नाही. मष्णूने काहिलीतूनच अर्ज केला की, "सायेब, आदी तुमी बसून दावा." मारुतीरावांनी विचार करून फर्माविले की आम्हांस मोजणी करावयाची आहे, मोजणारा मोजला जात नाही. हेही लिहून ठेविले पाहिजे.

तेव्हां नागुबाईचा संयम सुटला. ती पदर खोचून पुढे जाहली आणि बोलिली, "उठा म्हणलं तर उठंनासं झालाय. काहिलीतच मरायचं हाय न्हवं तुमास्नी? मग ती काहील उचला आन् ठेवा नावंत. बसा तिच्यातच, मुडद्यांनो."

हे तिने संतापून म्हटले. परंतु मष्णू म्हणाला, "ही बाई येडी न्हाय."

मग तहाचे बोलणे लागले. मष्णूने कलम घातले की मधल्या धारेत काहील तीन वेळां फिरविली पाहिजे, त्याकरितां खाली केळीचे खुंट घालावे. आप्पाण्णांनी कलम घातले की आपला पाय लाकडास लागता नये, काहील आपली, लोखंड आपले, सबब आपण काठावरच काहिलीत बसू आणि मग ती उचलावी. भावकूने दोन्ही कलमें मान्य केली. मग काहिलीतील लोक उतरले आणि आप्पाण्णा तीत एकटेच मांडी घालून बसले, पागोटे सावरले, आणि आठ गड्यांनी ती काहील अंबारीसारखी खांद्यावर घेऊन नावेत नेली. त्यांचे मागून मष्णूप्रभृति अकराजण नावेच्या लाकडावरून धावत जाऊन, तिजवर आपण पाय दिलाच नाही ऐशा मुद्रेने काहिलीत उड्या टाकते जाहले.

येथे मारुतीरावांस पेच पडला की यांस नावेतील उतारू म्हणावे की काहिलीतील. त्यांनी छत्री मिटून विचार केला आणि निवाडा दिला: नाव पाण्यात आहे, काहील नावेत आहे, माणसे काहिलीत आहेत, तस्मात माणसे नावेत आहेत. सरकारी कामात इतकी अक्कल क्वचितच खर्ची पडते.

नाव सुटली. मधल्या धारेत भावकूने वल्ही आंवरली आणि काहील तीन वेळां फिरविली. तिघांस नेहमीप्रमाणे मळमळले, तेणेकरून बाकीच्यांस धीर आला. नाव दक्षिणतीरी लागली. मष्णूने जमिनीस पाय लाविले, माती कपाळी लाविली, आणि म्हणाला, "मी आता पुलावरनं येतो. दोन डाव नशीब बघू ने." आणि शास्त्र सांगणारा तो सरदार निपाणीचे वाटेने नाहीसा जाहला. राहिले अकरा. तिकडे उत्तरतीरी मारुतीराव उभे राहून बोटे मोजू लागले.

काठावर जयाबाई उभी होती, मागे अंबुबाई. जयाबाई काहील पाहून म्हणाली, "काहिलीत न्हाय म्हणलं हुतं मी."

अंबुबाई म्हणाली, "काहिलीत न्हाय, आत्ती. नावंत बसती."

"नावंत कोण बसलंय गं? समदी तर काहिलीत."

"आबा हाय की. सकाळधरनं त्यो नावंतच हाय."

जयाबाईने भावकूकडे पाहिले. त्याने नाव काठास घट्ट आवळून धरिली होती. तिने पाणी पाहिले. मग सुनेचे गाठोडे स्वतःचे डोईवर घेतले आणि म्हणाली, "सर. मीबी येती. माझं पोरगं बायकूचं इचारंल तवा मी काय सांगू?" आणि त्या दोघी सासूसुना, उघड्या लाकडावर पाय देऊन, सुकाणूजवळचे फळीवर बसत्या जाहल्या. आडोळीच्या नावेत खरोखर बसलेले पहिले उतारू ते हेच, बाकी सर्व भांड्यात होते.

मधली धार आली. आप्पाण्णा काहिलीतून म्हणाले, "फिरव की, भावकू."

भावकू म्हणाला, "न्हाय आप्पा. माझी पोर बसलीया. आज सरळ जायाचं."

अकराजणांनी काहिलीचे काठ घट्ट धरिले आणि डोळे मिटले. नदीस आता सर्व कळले, ती आता वाटेत गाठणार, ऐसें प्रत्येकास वाटले. कोणी मारुतीचे नांव घेतले. आप्पाण्णांनी णमोकार सुरू केला. अंबुबाईने फळीवरून वाकून हात पाण्यात सोडिला आणि बोटांमधून तांबडे पाणी जाऊ दिले. नाव जैशी निघाली तैशी, रेघ ओढावी ऐशी, काठास लागली. तरी काहिलीतल्यांचे डोळे मिटलेलेच होते. आप्पाण्णांस हात लावून सांगावे लागले की आलं म्हणून.

मारुतीरावांनी मोजिले. काहिलीत अकरा, फळीवर दोन. म्हणाले, "बारा पाहिजे होते, हे तेरा कसे? आणि या दोघी तर आडोळीच्या नव्हेत."

नागुबाई लेकीचे दंड धरून होती, ती मागे न पाहता बोलिली, "ही आडोळीचीच. माझ्या पोटची. आन् मोजायचंच हाय तर नीट मोजा. पोटातलं धरून चौदा हायती."

मारुतीरावांनी नाव बहाल केली. शनिवारी नदी काठ सोडून शेतांत शिरली आणि दोन महिने उतरली नाही. मष्णू तिसरे दिवशी पुलावरून आला, गाडीत हाडे खिळखिळी होऊन, आणि वडाखाली बसून म्हणाला की, नाव चांगली हाय, मी पयलंच सांगितलंतं. काहील कार्तिकात आपल्या चुलवणावर गेली. आप्पाण्णा आता नावेतून जातात, परंतु बसावयास घरचा पाट नेतात. आणि बाकीचे लोक नावेत पाय ठेवण्यापूर्वी काठावर उभ्या उभ्या एक गिरकी घेतात, की नदीने आपणांस ओळखू नये. तालुक्याचे मोठमोठे लोकही घेतात. विचारले तर म्हणतात, पायातला खडा काढत होतो.

श्रावण वद्य पंचमीस अंबुबाई सुखरूप प्रसूत जाहली, कन्या. पांचवे महिन्यात ती सासरी निघाली तेव्हां काठावर दहाजण गिरक्या घेत होते. कोणी म्हणाले, लेकराला घिऊन एक फेरा घे गं. अंबुबाईने त्यांजकडे पाहिले आणि लेकरासह सरळ नावेत चढली. लेकरू झोपले होते, ते कुन्नोळीचा काठ लागेतो जागे जाहले नाही.

येणेप्रमाणे आडोळीचा उतार फत्ते जाहला. फत्तेचे मानकरी नावनिशीवार: नागुबाई, जयाबाई, अंबुबाई, व भावकू नावाडी. काहिलीतील बाराजणांची नांवे या कागदी अव्वल घातली होती, ती खोडिली. हा मजकूर कुन्नोळीचे काठी, नावेतून उतरल्यावर, रुजू केला.