दगडूनानांचा खोकला

दगडूनानांनी पहिल्याच दिवशी माझ्या काउंटरवर काचेची बरणी ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, माल बघून घ्या."

मला वाटलं, मध विकायला आणलाय. डोंगराकडची माणसं कधीमधी आणतात. मी बरणी उजेडात धरली आणि वास घ्यायला झाकण फिरवू लागलो. तेवढ्यात नाना म्हणाले, "काल सकाळपास्नंचा कफ हाय."

बरणी हातातून सुटली नाही हे माझं नशीब. खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या बाई औषध न घेताच निघून गेल्या.

ओतूरला एसटी स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. नाना नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जन्मभर मापाडी होते. काम सुटलं, पण बाजाराची भाषा सुटली नाही. दर आठवड्याला बरणी घेऊन यायचे आणि आतल्या ऐवजाची प्रतवारी सांगायचे.

"आज आवक लई. रंग बरा हाय, पन घट्ट. दोन नंबरचा माल."

"नाना, ती बरणी आधी पिशवीत ठेवा."

"ठेवतो. पन गाडी खाली झाली पायजे भाऊ. छातीतली गाडी खाली झाली पायजे!"

हे त्यांचं पालुपद. मग पुराव्यादाखल असे खोकायचे, की समोरचा चहावाला पातेल्यावर झाकण ठेवायचा.

डॉक्टरांचं नाव काढलं की नाना उसळायचे. "डॉक्टर छातीचा फोटो काढतो. आपल्याला फोटो नको. चिठ्ठीबिगर मिळतंय ते द्या." मी द्यायचो. अडुळशाचं सिरप, ज्येष्ठमधाच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल. पाण्यात फसफसणारी, कफ पातळ करणारी गोळी आली, तेव्हा त्यांनी दुकानातच पेला मागितला. गोळी टाकली, दचकून मागे सरकले, मग पेल्याला कान लावला. "ही काय बोलतीया का काय?" डोळे मिटून प्यायले आणि तासभर बाकावर घड्याळाकडं बघत बसले.

"काय बघताय नाना?"

"काय होतंय का ते बघतो."

काही झालं नाही. मग उरलेल्या गोळ्या रुमालात बांधून घरी नेल्या. प्रत्येक नव्या औषधाचं हेच. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतल्या त्या दिवशी सायकल बिघडली म्हणून भाड्याच्या जीपनं गेले आणि वाटेत इतके ढेकर दिले, की लोकांनी त्यांना मागच्या पायरीवर उभं केलं. तरी दुसऱ्या दिवशी हजर. "पोटात जळतंय, पन जीव जात न्हाई. चालंल."

एक गोष्ट मला खटकायची. इतका कफ पडणारा हा माणूस पाच किलोमीटरचा चढ सायकल दामटत यायचा आणि त्याला धाप म्हणून लागायची नाही. एकदा तसं म्हणालो, तर दोन आठवडे माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

मग एका दुपारी ते कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आले. डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही.

"भाऊ, चला. गाडी खालीच होईना!"

"बसा नाना, आधी पाणी प्या."

"मला न्हाई वो!" ते ओरडले. "मला काय धाड भरलीय? माझ्या घरचीला!"

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो. ते एकदाही खोकले नव्हते.

घरी गेलो तर नानी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ओणवी बसली होती. ओठ निळसर, छातीत घरघर. स्वयंपाकघराचं छत धुरानं डांबरासारखं झालेलं. धाकटी मुलगी आईची पाठ चोळत रडत होती. कोनाड्यात माझ्याकडच्या फसफसणाऱ्या गोळ्या होत्या आणि शेजारी दुसऱ्या दुकानातल्या सिरपची अर्धी रिकामी बाटली. मी नाव वाचलं आणि बाटली नानांपुढं धरली. ते खोकला दाबायचं औषध होतं.

"हे कुणी दिलं?"

"मीच आनलं," नाना म्हणाले. "सकाळी पोरीला बघाया पावणं आले व्हते. हिचा खोकला त्यांच्या कानावर पडाया नको म्हनून पाजलं."

एका औषधानं कफ सुटलेला, दुसऱ्यानं खोकला बांधलेला. सुटलेला कफ बाहेर पडायचा कसा? जीप करून नारायणगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत नानीचा हात नानांच्या हातात होता.

ऑक्सिजन लागला. संध्याकाळपर्यंत नानीच्या ओठांना रंग आला. पुढच्या दोन दिवसांत डॉक्टरांनी फोटो काढला, थुंकी तपासली आणि बाहेर येऊन सांगितलं, "क्षय नाही. चाळीस वर्षं चुलीचा धूर गेलाय छातीत, त्यानं फुप्फुसं खराब झालीत. गोळ्यांनी कफ थोडाफार पातळ होईलही, पण धूर थांबल्याशिवाय काही खरं नाही. आणि विचारल्याशिवाय औषधावर औषध द्यायचं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं. दीड वर्ष मी गोळ्या विकल्या होत्या. खोकतंय कोण, हे मी एकदाही नीट विचारलं नव्हतं.

"क्षय न्हाई?" नानांनी तीनदा विचारलं. मग बाकावर बसले. "आमाला वाटलं, तोच हाय. आईला क्षय म्हनल्यावं पोरीला कोन करून घेतंय? म्हनून म्हनलं, तिची बरणी, तिचा खोकला आपन आपल्या नावावर घ्यावा. म्हाताऱ्याला कोन नावं ठेवतंय?"

"आणि गोळ्या? त्या तुम्ही का खात होता?"

"आदी मी घ्यायचो. मला काय झालं न्हाई, की मंग तिला. एकदम तिच्यावर कसा परयोग करू राव?"



नानांनी स्वतः पाहुण्यांच्या गावी जाऊन सगळं खरं सांगितलं. मुलाच्या आईनं ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावून मनसोक्त खोकली आणि म्हणाली, "मंग त्यात काय एवढं?" लग्न ठरलं.

महिन्याभरानं मी नानीसाठी तोंडानं ओढायचं औषध घेऊन गेलो. गॅसचा नंबर यायचा होता, तोवर चूल घरामागं उघड्यावर आली होती आणि चुलीपुढं नाना उकिडवे बसले होते. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. धूर लागणार नाही अशा अंतरावर खाटेवर नानी.

"दाबू नका. फिरवा, फिरवा," ती म्हणत होती.

परातीतून उचलताना भाकरीचे दोन तुकडे झाले. नानी हसली, थोडी खोकली. मग मला म्हणाली, "चाळीस वर्सं मी थापल्या. धूर लागतो म्हनून कदी बोलले न्हाई. ह्यांनी बी कदी इचारलं न्हाई."

ती सहजच बोलली होती. तक्रार अशी नव्हती तिच्या आवाजात.

नानांचा हात पिठावर थांबला. मान वळवली नाही.

"इचाराया पायजे व्हतं," ते म्हणाले, आणि त्यांनी नवा गोळा हातात घेतला.