सोजरबाई रविवारी कुठे होत्या?

अमृतराव स्वतःची ओळख करून द्यायला लागले की समोरच्यानं आधी बसून घ्यावं, कारण ती ओळख लवकर संपत नसे.

"नाव अमृतराव. धंदा, सत्य शोधणं. आदिलाबादपासून नार्नूरपर्यंत माह्या नजरेतून मुंगी सुटत नाही. मानसाची चाल पाहून तो सकाळी काय जेवला ते मी सांगतो, अन् काय जेवला त्याच्यावरून तो काय लपवून राह्यला तेबी सांगतो."

हे सगळं ते आदिलाबादच्या जुन्या बसस्टँडमागच्या बांगड्यांच्या दुकानात, लोंबणाऱ्या टिकल्यांच्या पाकिटांखाली खुर्ची टाकून सांगत. दुकान त्यांच्या नावावर होतं. चालवत होत्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ज्यांना अमृतरावांनी न विचारता 'सहाय्यक' नेमून टाकलं होतं. सहाय्यकाचं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवता चढवता साहेबांचे निष्कर्ष ऐकणं, आणि साहेब तपासाला निघाले की पिशवीत पाण्याची बाटली टाकणं.

मुंगी सुटत नाही हे लक्ष्मीबाईंनाही मान्य होतं. सुटायच्या त्या म्हशी. नार्नूरच्या एका शेतकऱ्याची म्हैस हरवली तेव्हा अमृतरावांनी आठ दिवस तपास केला, तीन जणांवर संशय घेतला आणि एकाचा मार खाल्ला. नवव्या दिवशी म्हैस आपल्या पायांनी घरी आली. "तपासाचा दबाव पडला," असं अमृतराव म्हणाले आणि वहीत 'प्रकरण सुटले' असं लिहून मोकळे झाले.

त्या गुरुवारी दुपारी हैदराबादहून हर्षदीपचा फोन आला. हर्षदीप म्हणजे गल्लीतल्या सोजरबाईंचा मुलगा. अमृतरावांनी सहाय्यकालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"काका, आईचं काहीतरी बिघडलं. रविवारी दिवसभर घराले कुलूप, फोन बंद. सोमवारी विचारलं कोठी होती, तर म्हणते, 'कोलंबोले जाऊन आली. एका दिवसाची तर गोष्ट.' श्रीलंकेले, काका! जशी भाजी आनाले गेली! इथल्या डॉक्टरले विचारलं, तो म्हणे या वयात होते असं. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो अन् तिले इकडंच आनतो. घर देऊन टाकू भाड्यानं. पण ती खरी कोठी गेल्ती, तेवढं पाहा ना. उद्या पुन्हा भटकली तर कोठी शोधू?"

"बेफिकीर राहा," अमृतराव म्हणाले. "रविवारपर्यंत सत्य तुह्या हातात."

लक्ष्मीबाईंच्या हातातली बांगडी मात्र फुटली. सोजरबाईंनी बाजारहत्नूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. नवरा वारल्यावर त्या एकट्या राहत, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि तलाठ्याला त्याच्या चुका दाखवून येत. संध्याकाळी दुकान बंद करून लक्ष्मीबाई ज्या एका ओट्यावर टेकत, तो सोजरबाईंचा. दिवसभरात कुणीतरी त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायचं, ते तिथंच. रविवारी तिथं कुलूप दिसलं तेव्हा बाई हर्षदीपकडे गेल्या असतील असं त्यांना वाटलं होतं. तो ओटा भाड्यानं जाणार म्हणजे काय, हे त्यांना अमृतरावांपेक्षा लवकर समजलं.

"अवो, बाईलेच विचारा ना जाऊन," त्या म्हणाल्या.

अमृतरावांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "संशयितालेच विचारलं तर तो तपास कसला? ते तर साधं विचारणं झालं. ते कोनीबी करते. अन् प्रकरण सुटेपर्यंत तूबी त्या ओट्यावर बसू नको."

तपासाला सुरुवात चपलांपासून झाली. बाई आत पेपर वाचत असताना अमृतराव त्यांच्या ओट्यासमोर बुटाची नाडी बांधायला वाकले. पायात सँडल होते, पण ते असो. बाईंच्या चपलेच्या खाचेतली चिमूटभर वाळू त्यांनी कागदात बांधून आणली, दुकानात येऊन जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"खारट!"

"मंग?" लक्ष्मीबाईंनी विचारलं. त्यांच्या डोक्यात लख्ख काहीतरी चमकून गेलं होतं.

"मंग काय? लोणचं. बाईची लोणच्याची बरणी फुटली. पन बरणी काऊन फुटली? घाईत फुटली. घाई काऊन? याचं उत्तर भेटलं की प्रकरण सुटलं."

"वाळू अन् मीठ कोठी कोठी एका जागी असते, ते आठवून पाहा जरा."

"पापडाच्या कारखान्यात," अमृतराव ताबडतोब म्हणाले, आणि लक्ष्मीबाई बांगड्यांचे डबे लावू लागल्या.

दुसरा पुरावा त्यांना मोबाईलमध्ये सापडला. शुक्रवारी सकाळी ते दात घासता घासताच ओरडले, "पकडली! बाई म्हणते श्रीलंकेच्या राजधानीले गेली. अन् म्हणते कोलंबो. पन श्रीलंकेची राजधानी कोलंबो नाहीच! श्री जयवर्धनेपुर कोट्टे! हे पाहा! मास्तरीण असून राजधानी चुकली. खोटं बोलनारा मानूस नेहमी भूगोलात फसते."

"राजधानी कवा म्हणे बाई? हर्षदीप तर निसतं कोलंबो म्हणे."

"सहाय्यकानं तपशिलात घुसू नये," अमृतराव म्हणाले आणि गुळणी केली.

तिसरा शोध लागला तो तेलुगूमधून. नदीच्या पात्रात जे बेट असतं त्याला तेलुगूत लंका म्हणतात, हे त्यांना भाजीबाजारात कळलं. झालं! लंका म्हणजे श्रीलंका नव्हेच, गोदावरीतलं बेट. गोदावरी मंचेरियलला. शनिवारी पहाटेच्या बसनं ते निघाले, दुकान बंद ठेवून सहाय्यकालाही ओढलं. चार तास बस हादरत होती आणि अमृतराव खिडकीतून डोकं बाहेर काढून प्रत्येक ओढ्यात बेट आहे का ते पाहत होते.

मंचेरियलला उतरल्याबरोबर ते एका पानठेल्यावर गेले. त्यांच्याकडे तेलुगू शब्द एकूण नऊ होते. त्यातले दोन वापरून त्यांनी मिशीवर हात ठेवत विचारलं, "लंका एक्कड?" म्हणजे, लंका कुठे?

पानवाल्यानं एकदा मिशीकडे पाहिलं, मान डोलावली आणि खालच्या डब्यातून काळपट, लांबलचक पानांची जुडी काढून पुढ्यात टाकली. लंका पोगाकु. बेटावर पिकणारी जाळ तंबाखू. म्हातारे लोक तिचे चिरूट वळून ओढतात.

दुसरा कुणी असता तर ओशाळून परतला असता. अमृतराव जुडीकडे पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तो उजेड लक्ष्मीबाईंनी म्हशीच्या वेळीही पाहिला होता. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

परत येईपर्यंत दुपार उलटली होती. अमृतराव अहवाल लिहायला बसले, तेव्हा लक्ष्मीबाई पदर खोचून सरळ सोजरबाईंकडे गेल्या. तपास सुरू झाल्यापासून जे कुणीच केलं नव्हतं ते त्यांनी केलं.

"बाई, तुमी खरंच कोलंबोले गेल्ता?"

"हाव," सोजरबाई म्हणाल्या. "चहा घेता?"

चहाबरोबर सगळं बाहेर आलं. एकतीस वर्षं दर जूनमध्ये शेजारी देश आणि त्यांच्या राजधान्या शिकवायच्या. फळ्यावर भारत काढायचा, त्याच्या पायाशी थेंबासारखी श्रीलंका. आणि दरवर्षी कुणीतरी पोरगं विचारायचंच, बाई, तुमी गेल्ता का? "दरसाल नाही म्हणावं लागे. रिटायर झाली तरी ते 'नाही' काही जाईना मनातून. मंग माही जुनी विद्यार्थिनी प्रणिता, ती तिकिटाचं काम करते, तिनं सारं करून देल्लं. शनिवारी रातच्या बसनं हैदराबाद. रविवारी सकाळच्या विमानानं गेली, रातच्या विमानानं परत. मुक्काम नाही केला. परक्या उशीवर मले झोप येत नाही."

"अन् समुद्र?"

"पायात घेतला," सोजरबाई म्हणाल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या. "लाटेनं चप्पलच नेली होती. एका मानसानं धावत जाऊन आनून देल्ली. तो काय बोलला मले समजलं नाही, मी काय बोलली त्याले समजलं नाही. दोघंबी हसलो."

लक्ष्मीबाईंनी कप खाली ठेवला. "मंग हर्षदीपले दाखवा ना काही! पासपोर्ट असन, फोटो असन. तो उद्या तुमाले न्याले येऊन राह्यला, अन् आमचे हे त्याच्यासाठी अहवाल लिहून राह्यले!"

सोजरबाईंचं हसू मावळलं. "त्यानं मले, 'दाखव' म्हटलं असतं तर दाखवलं असतं. 'कशी होती लंका' म्हटलं असतं तर रातभर सांगतलं असतं. त्यानं मले काय विचारलं, मालूम? 'आई, आज वार कोणता?' एकतीस वर्षं मी दुसऱ्याच्या पोराईले प्रश्न विचारले, लक्ष्मीबाई. असा नाही विचारला कोनाले."

सोजरबाईंनी पदरानं नाक पुसलं. "पन उद्या दाखवतो. अगोदर तुमच्या यजमानाचं होऊन जाऊ द्या. मले ऐकाचं आहे."

रविवारी अकरा वाजता गाडी दारात लागली. बाईंच्या पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली हर्षदीप खुर्चीच्या कडेवर बसला. अमृतराव मधोमध उभे राहिले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तपकिरी कागदात काहीतरी गुंडाळून आणलं होतं.

"हर्षदीप, मन घट्ट कर," ते म्हणाले. "चपलेत खारी वाळू. तोंडात खोटी राजधानी. अन् लंका हा शब्द. तिन्ही धागे एकाच गाठीत येते. तुही आई श्रीलंकेले गेली नाही. तुही आई मंचेरियलले जाते." त्यांनी कागद सोडला आणि तंबाखूची जुडी टेबलावर आपटली. "अन् चोरून चिरूट ओढते!"

लक्ष्मीबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"वाळू?" सोजरबाईंनी शांतपणे विचारलं.

"गोदावरीची."

"अन् खारट?"

"तंबाखूत मीठ मारते लोक."

"अमृतराव, कोट्टे कोलंबोले लागूनच आहे. कोलंबो पाहून झाल्यावर मी तीनचाकीनं कोट्टेलेबी गेली, तळ्यातली संसद लांबून पाह्यली. भूगोलाच्या मास्तरणीले तुमी राजधानी सांगू नका." त्या उठल्या, कपाटातून पासपोर्ट आणून त्यांनी मुलाच्या मांडीवर ठेवला. त्यात श्रीलंकेचे दोन शिक्के होते, येण्याचा आणि जाण्याचा, दोन्हींवर एकच तारीख.

हर्षदीपनं ते पान बराच वेळ पाहिलं. मग त्याला शिक्क्यापेक्षा वेगळंच काही लागलं. "हैदराबादले आलीस, गेलीस. दोनदा. अन् घरी नाही आलीस?"

"आली असती तर जाऊ देल्लं असतंस?"

त्यानं पासपोर्ट मिटला.

"पन पासपोर्ट!" अमृतराव अजून उभेच होते. "पासपोर्टाले पोलिसाची चौकशी लागते. शेजाऱ्याची साक्ष लागते. ते कोनी देल्ली? गल्लीत अशी गोष्ट होते अन् मले पत्ता नाही? अशक्य! बनावट आहे हे!"

"शेजारी तुमीच," सोजरबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात हवालदार आला तवा तुमच्याच दुकानात गेल्ता. तुमी त्याले सोडा पाजला, म्हशीची गोष्ट सांगतली अन् न वाचता सही करून देल्ली. बिचारा कंटाळून माह्याकडे पाणी प्याले आला, तवा त्यानं दाखवली मले. मोठी, खाली दोन रेघा मारलेली."

लक्ष्मीबाईंना तो दिवस आठवला. त्या माल आणायला बाजारात गेल्या होत्या, आणि संध्याकाळी नवरा छाती काढून घरी आला होता आणि पोलीस खातं आता आपल्या सल्ल्यानं चालतं असं म्हणाला होता. त्यांनी तेव्हा ते ऐकूनच घेतलं नव्हतं, याची त्यांना पहिल्यांदा थोडी लाज वाटली. फार नाही.

"मले वाटलं गुप्त प्रकरण आहे," अमृतराव पुटपुटले. मग त्यांनी तंबाखूची जुडी कागदात गुंडाळली, घसा खाकरला आणि, "म्हणजे प्रकरणाच्या मुळाशी मीच होतो तर," असं समाधानानं म्हणून ते वहीत लिहायला घरी गेले.

हर्षदीप खुर्चीवरून उठला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला. गाडीची किल्ली त्यानं खिशात टाकली.

"आई," तो म्हणाला, "कशी आहे गं लंका?"

सोजरबाई ताट घ्यायला उठल्या. "बस," त्या म्हणाल्या, "अगोदर जेवून घे. लांबन ते."

जेवण झालं, लंका चार वाजेपर्यंत चालली, आणि रिकामी गाडी घेऊन हर्षदीप परत गेला. जाताना त्यानं आईला एवढंच बजावलं की पुढच्या वेळी निदान विमानतळावर सोडायला तरी बोलाव.

ओट्यावर दोघीच उरल्या तेव्हा सोजरबाईंनी आवाज खाली आणला. "दिवाळीनंतर काठमांडूचं पाहून राह्यली मी. दिल्लीहून सकाळी जाचं, सायंकाळी परत. त्याले पासपोर्टबी लागत नाही. येता काय?"

लक्ष्मीबाईंनी एक क्षणही घेतला नाही. "येतो."

"अन् अमृतरावाईले काय सांगान?"

"काठमांडूले चालली म्हणून सांगन," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "खरं सांगतलं की त्याईले पत्ताच लागत नाही."