मेजरांच्या पहाऱ्यातला सर्व्हर

कोरेगावच्या त्या पशुखाद्याच्या कारखान्यात सर्व्हरच्या खोलीत शिरायचं म्हणजे आधी बंद दारापुढं थांबावं लागे. आतून खणखणीत आवाज येई, "थम! कौन आता है?"

"मी, मेजर. साताऱ्याहून आलोय. मशीन बघायला."

"पासवर्ड?"

हा पासवर्ड कॉम्प्युटरचा नव्हे, दाराचा. तो रोज बदलायचा आणि सकाळी कारकुनांना अंगणात ओळीनं उभं करून, म्हणजे मेजरांच्या भाषेत 'फॉलीन' करून, सांगितला जायचा. आता साताऱ्याहून एसटीनं आलेल्या माणसाला तो कसा ठाऊक असणार? ही अडचण मेजरांनाही मान्य होती. म्हणून ते दार उघडून बाहेर येत, माझ्या कानाशी लागून "आज वांगी हाय" असं हळूच सांगत, परत आत जाऊन दार लोटून घेत आणि पहिल्याच आवाजात विचारत, "पासवर्ड?"

"वांगी."

"पास. आगे बढो!"

पहिल्या खेपेला मला हसू आवरलं नव्हतं. पुढंपुढं हसायचंही त्राण राहिलं नाही. मी बॅग पायाशी ठेवून, दाराला पाठ टेकून मुकाट उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, बाबा रे, वांगी म्हण, भेंडी म्हण, पण आत घे आणि बसू दे.

कारण मी तेव्हा कायम दमलेला असे. नव्वदचं दशक होतं. आमच्या भागात कॉम्प्युटर नुकते आले होते आणि ते बिघडल्यावर धावणारी माणसं त्याहूनही कमी होती. साताऱ्यात आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे एक मालक, एक फोन आणि मी. फोन वाजला की मालक उचलायचे, "माणूस निघालाय" असं सांगायचे आणि मग माझ्याकडं बघायचे. आज शिरवळ, उद्या विटा, परवा पुन्हा शिरवळ, कारण तेवढ्यात तिथं प्रिंटरची वायर कुणीतरी पायानं ओढली. स्टँडवरचा वडा हे माझं जेवण आणि एसटीची खिडकी ही माझी उशी. बरं, मशीन सुरू झालं की गिऱ्हाईक म्हणणार, "एवढंच होतं होय?"

मेजर मात्र तसं कधी म्हणाले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांचं आडनाव घाडगे. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आमच्याकडं फौजेतून परत आलेला माणूस कुठल्याही हुद्द्याचा असो, गाव त्याला मेजरच म्हणतं. फौजेत त्यांनी वायरलेसचा सेट सांभाळला होता. कारखान्याचे मालक अण्णा यांनी हिशेब केला की तेही यंत्र, हेही यंत्र; या माणसाला जमेल. आणि नवाकोरा सर्व्हर, वातानुकूलित खोली आणि किल्ली त्यांच्या ताब्यात दिली. खोली गार म्हणून मेजर भर मे महिन्यातही खाकी स्वेटर घालून बसत. मिशा पिळलेल्या, कॅनव्हासचे बूट पांढरेशुभ्र.

सर्व्हर म्हणजे सगळ्या कारखान्याची माहिती ज्यात राहते आणि बाकीचे कॉम्प्युटर ज्याच्याकडून ती मागून घेतात ते मुख्य मशीन, हे मी त्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. मेजरांनी ते त्यांच्या पद्धतीनं समजून घेतलं. सर्व्हर हा सिपाही. आणि सिपाह्याचं पोट, पाणी, आराम बघायची जबाबदारी हवालदाराची. संध्याकाळी त्याचा बॅकअप टेपवर उतरला की ते रिकाम्या खोलीत ताठ उभे राहून "ऑल करेक्ट!" म्हणत आणि दिवा घालवत. अण्णांनी एकदा विचारलं, "मेजर, हे कुणाला सांगताय?" मेजर म्हणाले, "रिपोर्ट द्यायचा असतो. ऐकनारा असला काय, नसला काय."

त्यांचं एक वाक्य साऱ्या कारखान्याला पाठ होतं. "आराम हीबी ऑर्डर हाय." दुपारी जेवणाची घंटा झाली की ते कारकुनांच्या खोलीत जात आणि हेडक्लार्क नदाफभाऊंच्या कीबोर्डवर चक्क तळहात ठेवत.

"अहो मेजर, एवढं एक बिल होऊ द्या!"

"नदाफ, हत्यार खाली. आराम हीबी ऑर्डर हाय."

नदाफभाऊ बिचारे भाकरी सोडायला लागत. सगळे घास घेईपर्यंत मेजर दारात उभे.

मलाही ते दर खेपेला एकच प्रश्न विचारत. "सायेब, ह्याला सुट्टी कवा?"

"सर्व्हरला सुट्टी नसते, मेजर. तो सतत चालूच ठेवायचा."

"रात्रीबी? ऐतवारीबी?"

"हो."

"लय अन्याय हाय गड्या," ते सर्व्हरच्या डब्याकडं बघून म्हणत. मला वाटायचं, या माणसाला माझा असा कळवळा का येत नाही?

गणपतीच्या सुमारास मी गेलो तेव्हा सर्व्हरच्या आतली डिस्क बारीक शिट्टी घालत होती. लक्षण वाईट होतं. डिस्क म्हणजे आत गरगर फिरणारी तबकडी. दिवसरात्र चालून झिजलेली डिस्क बंद करून गार होऊ दिली की कधीकधी आतल्या आत चिकटते आणि पुन्हा फिरतच नाही. मी मेजरांना बजावलं, "नवी डिस्क मागवतोय. ती येईपर्यंत काही झालं तरी हा बंद करू नका. चालतोय तोवर चालू दे."

"येस सर," मेजर म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

नंतर आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा होते आणि हत्यारं विसावा घेतात. कारखान्यातलं मिक्सर, वजनकाटा, मालाचा ट्रक, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूचे हार पडले, सगळं बंद झालं. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याला फोन आला. मी आदल्या संध्याकाळीच विट्याहून आलो होतो. पलीकडून मेजरांचा आवाज आला, पण त्यात खणखणीतपणा नव्हता.

"सायेब, सिपाही उठत न्हाई."

सुदैवानं नवी डिस्क आली होती. ती बॅगेत घातली आणि पहिली एसटी धरली. कोरेगावला पोचलो तर खोलीचं दार सताड उघडं. कुणी थांबवलं नाही, काही विचारलं नाही. सर्व्हरला हार घातलेला, वर आपट्याची पानं, समोर कुंकवाची बोटं. शेजारी मेजर सावधान उभे.

"बंद कुणी केला?"

"मी."

मी बॅग उघडली. रागवायला अंगात जोरच नव्हता. म्हटलं, निदान बॅकअपच्या टेप तरी आहेत. नवी डिस्क बसवून त्यावर उतरवू. पहिली टेप घातली. वाचेना. दुसरी, तीही वाचेना. टेप बाहेर काढून बोट लावलं तर बोट तेलकट.

"मेजर, हे काय?"

"शिलाई मशीनचं तेल, सायेब. दर शनवारी एक थेंब. टेपच्या यंत्रात आनि चिंधीनं टेपवर. रायफलीला करायचो तसंच. फिरनाऱ्या चीजेला तेल लागतंच की."

बॅकअप पूर्ण झाला असं मशीन रोज इमानानं सांगत होतं. लिहिलेलं वाचता येतं का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्चीत बसलो. वर्षभराची सगळी माहिती आता त्या एका चिकटलेल्या डिस्कवर होती आणि दुसरीकडं कुठंच नव्हती.

तेवढ्यात अण्णा आले. अण्णा भला माणूस, पण दिवाळी तोंडावर आलेली, फाटकात मालासाठी ट्रक उभे आणि गोदामात काय शिल्लक आहे ते कुणालाच माहीत नाही. नदाफभाऊ मेजरांच्या कानाशी कुजबुजले, "लाइट गेली हुती म्हना. कोन बघतंय?"

"न्हाई," मेजर मोठ्यानं म्हणाले. "अण्णा, लाइट गेली नव्हती. सायबांनी नगं सांगितलं हुतं. बंद मी केला."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "मेजर, आज संध्याकाळपर्यंत हे सुरू झालं न्हाई, तर उद्यापासनं तुमी घरी ऱ्हावा. मी काय बोलनार आनि."

अण्णा गेले. मेजर तसेच उभे राहिले. मग नदाफभाऊंनाच सांगितल्यासारखे पण जमिनीकडं बघत म्हणाले, "पेन्शन हाय. खायला मिळंल. पन घरी कोन हाय? मंडळी देवाघरी गेली. पोरगं पुन्याला. दिस उगवल्यावर फॉलीन कुनाला करू?"

आता उपाय एकच होता, आणि तो काही पुस्तकातला नव्हता. डिस्क बाहेर काढायची, चांगली ऊब द्यायची आणि मनगटाला झटका देऊन आतली तबकडी सुटते का बघायचं. मी ऊब म्हणताच मेजरांनी डिस्क माझ्या हातातून घेतली, रुमालात गुंडाळली आणि स्वेटरच्या आत पोटाशी धरली. अंगणात पेंडीच्या पोत्यांमध्ये जाऊन उन्हात मांडी घालून बसले. कारखान्यातल्या बायका येताजाता बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. मेजरांचं लक्षच नव्हतं. मध्येच ते स्वेटरच्या गळ्यातून आत डोकवायचे.

बऱ्याच वेळानं मी डिस्क घेतली, झटका दिला, वायर लावली. काही नाही. परत पोटाशी, परत ऊन. असं दुपारपर्यंत चाललं. मी आशा सोडली होती. आणि मग एकदा झटका दिला, बटण दाबलं, तर आत काहीतरी कुरकुरलं, थांबलं, आणि शिट्टी घालत फिरायला लागलं. आयुष्यात कुठलीही शिट्टी मला इतकी गोड लागली नाही. लगोलग नवी डिस्क जोडली आणि सगळं तिच्यावर उतरवायला घेतलं. आधी गोदामाचा साठा आणि बिलं, म्हणजे नदाफभाऊ सुटले.

अण्णा आले, पडद्याकडं बघितलं, मिशीवर ताव देतात तसा हात नुसताच फिरवला आणि म्हणाले, "मेजर, उद्या वेळेवर या."

बाकीचं उतरायला संध्याकाळ होणार होती. मी भिंतीशी बसलो आणि विचारलं, "मेजर, एवढं सांगितलं होतं. का बंद केलात?"

मेजर डिस्कवरची नजर न काढता बोलायला लागले. "वर डोंगरात आमची पोस्ट हुती. सेटवर मी आनि म्हादू, दोघंच. बर्फ पडला, बदलीची मानसं वर येईनात. म्हादूच्या अंगात ताप. मी इच्यारलं, जमतंय का? म्हनला, जमतंय. कवाबी इच्यारा, जमतंय. मीबी म्हनलं, चालतंय की. त्याची पाळी त्याला दिली आनि माझ्या वक्ताला झोपलो. उठून बघतो तर सेट चालू, हेडफोन कानाला, आनि म्हादू गार."

मेजरांनी सर्व्हरवरचा हार काढून बाजूला ठेवला.

"कुरकुरला असता तर मी ऐकलं असतं, सायेब. हे तुमचं मशीन शिट्टी घालतंय म्हनलात, तवा मला वाटलं, दमलंय. एक दिस निजू द्यावं. चुकलंच माझं. पन बंद करताना लय बरं वाटलं."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी दमला काय?"

"नाही," मी सवयीनं म्हणालो. "जमतंय."

मेजरांचा चेहरा एकदम पडला. तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून आमचे मालक असणार. शिरवळला कुठंतरी काहीतरी बिघडलं असणार. मी उठायच्या आत मेजरांनी पलीकडच्या खोलीचं दार लावलं, तिथं नदाफभाऊंचा प्रिंटर बिलांवर बिलं ओकत होता. मग फोन उचलला.

"न्हाई सायेब," ते म्हणाले. "मशीन अजून पडूनच हाय. तुमच्या मान्साला आज सोडता यायचं न्हाई. उद्याचंबी सांगता येत न्हाई."

फोन ठेवून त्यांनी रिकामी पोती अंथरली. "झोपा."

"मेजर, कॉपी…"

"कवा उठवायचं तेवढं सांगा. मी बघतो."

मी सांगितलं आणि आडवा झालो. कितीतरी महिन्यांत मला कुणी झोप म्हणालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून मी भिंतीकडं तोंड केलं. मागून मेजरांनी अंगावर घोंगडं टाकलं आणि पाय उघडे राहिले होते ते नीट झाकले.