डॉक्टर गोड बोलले

मुख्याध्यापिकाबाईंची रक्तातली साखर पुन्हा घसरली. या वेळी त्या जिन्यातच मटकन बसल्या आणि शेजाऱ्यांनी उचललं तेव्हा उठल्या. गोळी तीच, जेवण तेच, मग साखर जाते कुठे? बाई चोरून आणखी काहीतरी घेताहेत, अशी डॉक्टरांची खात्री होती. पण विचारलं की उत्तर ठरलेलं. "छे हो! पाणीसुद्धा तुम्हाला विचारून पिते मी."

"खरं कोण सांगणार तुम्हाला?" डॉक्टरांची बायको म्हणाली. "काढ्याचं नाव काढलं की टेबलावर मूठ आपटता. त्या शिंप्याची तांब्याची अंगठी तर खिडकीबाहेर भिरकावलीत. एकदा गोड विचारून बघा."

दाढी करताना डॉक्टरांनी आरशासमोर हसण्याचा सराव केला. आरशातल्या माणसाकडून त्यांनी स्वतः जुनी सायकलसुद्धा घेतली नसती.

दवाखान्यात पहिला नंबर नेमका शिंप्याचा होता.

"या, बसा," डॉक्टर हसले. शिंप्यानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मान कशी आहे? बरं, माझ्या औषधाबरोबर आणखी काही चालू आहे का? काढा, मालीश, अंगठी... माझी काही हरकत नाही."

"हरकत नाही?" शिंप्याचा आवाज चिरकला. "म्हणजे आता काहीही चालेल?"

"अगदी मनमोकळं सांगा."

शिंपी भिंत धरत बाहेर आला. बाकावरचे सगळे सरसावले. "काय झालं?"

"हसले."

"ओरडले नाहीत?"

"नाही. म्हणाले, वाट्टेल ते घ्या. हात टेकले त्यांनी." आणि शिंप्यानं धाकट्या भावाला फोन लावून दुकानाची किल्ली कुठे असते ते सांगून टाकलं.

बाकावर चुळबुळ सुरू झाली. सर्दीवाला एक जण "मला एकदम बरं वाटतंय" म्हणत चपला शोधू लागला. बँकेतल्या कॅशियरनं सिस्टरना गाठलं. "सिस्टर, माझ्यावर ओरडतील ना हो? थोडंसं तरी?" त्याला आत चक्क "बाळ" म्हटलं गेलं. बाहेर येऊन त्यानं बायकोला फोन केला आणि सासूशी इतकी वर्षं तोडलेलं बोलणं आजपासून सुरू करतो म्हणाला.

मुख्याध्यापिकाबाई आत आल्या त्याच पांढऱ्याफटक पडून.

"बाई," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, "तुमच्याशी जरा निवांत बोलायचंय."

"राहू द्या, डॉक्टर. निरोपाची भाषणं आयुष्यभर केलीत मी. सुरुवात ओळखते."

"अहो, काय घेता तेवढं सांगा!"

"आता सांगून काय उपयोग? तुम्ही केलंत त्याबद्दल आभारी आहे." बाईंनी हात जोडले आणि त्या दाराकडे निघाल्या.

डॉक्टर ताडकन उठले. या अशाच घरी जाणार, तेच घेणार, आणि पुढच्या वेळी जिन्यात कुणी नसलं तर? त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"खाली बसा! मरायचंय का? काय गिळता ते आत्ताच्या आत्ता टेबलावर ठेवा!"

बाईंच्या गालांवर रंग चढला. "अगंबाई! म्हणजे वाचणार मी!" दाराबाहेर कुणीतरी टाळी वाजवली.

बाईंनी पर्समधून डबी काढली. आत हिरवट, कडू पूड होती. रोज गोळीबरोबर चमचाभर.

"म्हणजे गोळीही साखर उतरवते आणि हीसुद्धा! चक्कर नाही येणार तर काय! ही आधी बंद. कुणी दिली?"

बाईंनी डबीचं झाकण लावलं.

"कुणी दिली?" खिडकीची काच थरथरली.

"तुमच्या आईंनी. त्या स्वतःही घेतात, तुम्ही दिलेल्या गोळीबरोबर. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

डॉक्टर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. घाईघाईत त्यांनी दोनदा चुकीचा नंबर फिरवला. अखेर फोन लागला. इथे ओरडून चालणार नव्हतं. आई फोनच ठेवून देईल.

"आई," ते शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "जेवलीस का गं? चक्कर वगैरे नाही ना येत? गोळीबरोबर आणखी काही घेत असलीस तर सांग. मी रागावणार नाही."

 पलीकडे फोन बाजूला धरून आईनं हाक मारली.

"अहो, जरा इकडे या लवकर. हा गोड बोलतोय."